चुलीत पाणी

चंद्रभागेची सासू मुक्ताई गेली, त्या दिवशी घरच्या चुलीत पाणी पडलं होतं. त्यानंतर कधी पडलं नाही.

ही मुक्ताईचीच शिकवण. सकाळच्या भाकरी उरकल्या की लाकडं मागं ओढायची, निखारे एका कोपऱ्यात सारायचे, त्यांच्या पोटात गोवरीचा तुकडा खोचायचा आणि वरून राख लोटायची. राख दाबायची नाही, नुसती पांघरायची. निजलेल्या पोरावर वाकळ पांघरावी तशी. मग विस्तव दिवसभर आतल्या आत जगतो. धूर नाही, जाळ नाही. दिवेलागणीला राख बाजूला केली, फुंकणीनं दोनचार फुंकरा घातल्या की चूल पुन्हा धरते. "चुलीत पानी फकस्त मयताच्या दिवशी," मुक्ताई म्हणायची. "एरवी ज्या घरात काडी वडायची येळ येती, त्या घराचं काय खरं न्हाय."

घर दोन खणांचं, पत्र्याचं. लोणी काळभोरच्या अलीकडं, सोलापूर रस्त्याच्या खाली ओढ्याच्या अंगाला हिंमतरावांचा मळा होता आणि मळ्याच्या पार तळाशी हे घर. सासरा धोंडिबा तिथं सालगडी म्हणून आला आणि तिथंच म्हातारा झाला. आता चंद्रभागेचा नवरा दशरथ त्याच मळ्यात वाट्यानं भाजी करत होता. मेथी, कोथिंबीर, पालक. पहाटे टेम्पोत घालून मंडईला. वरच्या रस्त्यानं कंपन्यांच्या बसगाड्या जायच्या. काचा बंद, आत गळ्यात ओळखपत्राचे पट्टे घातलेली पोरं झोपलेली. त्यांच्या मागं टँकर. पेट्रोलचे, डिझेलचे, गॅसचे.

"आई, डोक्यावरनं टँकरच्या टँकर गॅस जातो आणि आपण फुंकणी फुंकतोय," दीक्षा म्हणायची. पोरगी बारावी होऊन हडपसरला कॉम्प्युटरच्या क्लासला जात होती.

"तुझ्या बापानं नंबर लावलाय की."

"नंबर येईस्तोवर माझं लग्न होईल."

"मग सासरी पेटव."

बोलणं तिथंच संपायचं. गॅस आला असता तर चंद्रभागेलाही हवाच होता. तिचे डोळे वर्षभर लाल असत. पण विस्तवाचं बोलणं त्या घरात फार वेळ चालू ठेवायचं नाही, असं दिवाळीनंतर ठरूनच गेलं होतं.

दिवाळीनंतर हिंमतरावांची कडब्याची गंजी जळाली होती. भर दुपारी. गंजीच्या मागंच चंद्रभागेचा उकिरडा. तिनं सकाळी चुलीतली जुनी राख तिथं टाकली होती. राख थंड होती, हात घालून बघितली होती, असं ती म्हणाली. कुणी बिडी टाकली असेल, असं दशरथ म्हणाला. हिंमतरावांनी दोघांचं ऐकून घेतलं आणि वाड्यासमोर चारचौघांत तिला दीक्षाच्या डोक्यावर हात ठेवायला लावला. इथून पुढं चुलीत विस्तव पुरून ठेवणार नाही, म्हण. तिनं म्हटलं. "परत ठेवलेला दिसला," हिंमतराव म्हणाले, "तर दुसऱ्या दिवशी भांडीकुंडी रस्त्यावर." पोरगी मान खाली घालून उभी होती.

थोडे दिवस चंद्रभागेनं पाळलं; पाणी घातलं नाही, विस्तव आपोआप विझू दिला. मग थंडी पडली. ओढ्याकाठचं घर, काड्या सादळायच्या, रॉकेल मिळेना. धोंडिबाची छाती पहाटे भात्यासारखी वाजायची आणि गरम पाणी पोटात गेल्याशिवाय त्याचा श्वास मोकळा व्हायचा नाही. एका सकाळी तिचा हात आपोआप राखेकडं गेला. परत सुरू झालं. दशरथला ठाऊक होतं, दीक्षालाही ठाऊक होतं. बोललं कुणी नाही.

माघातली सकाळ होती. धुकं अजून ओढ्यावर होतं. चंद्रभागा मेथी उपटत होती; दवानं बोटं बधिर झालेली, मातीचा चिखल नखांत. कंबर धरली म्हणून ती उभी राहिली आणि तेवढ्यात वर रस्त्यावर काहीतरी लांबवर घासत गेल्याचा आवाज झाला. मग जमीन हादरली.

रस्त्याच्या भरावावर एक टँकर आडवा झाला होता. चाकं फिरत होती. मागच्या बाजूनं शिट्टीसारखा आवाज येत होता आणि पांढरा धूर निघत होता. पण धूर वर जात नव्हता. भरावाच्या उतारावरून तो सांडलेल्या दुधासारखा खाली येत होता.

दशरथ धावत आला. "धुकं हाय का त्ये?"

"वास बघा की," चंद्रभागा म्हणाली. सडक्या कांद्यासारखा वास नाकात घुसला होता.

घरात येऊन दशरथनं बापाला पाठीवर घेतलं. धोंडिबा हाडांचाच उरला होता, पण जिवंत हाडं जड असतात. चंद्रभागेनं दोन वाकळा, औषधाची पिशवी घेतली. दीक्षानं क्लासची बॅग घेतली.

"वढ्याकडं चला," धोंडिबा पाठीवरून म्हणाला. "आग लागली तर पान्याजवळ असावं मानसानं."

ते ओढ्याकडंच निघाले होते. आगीला पाणी, एवढं जन्मापासून माहीत. तेवढ्यात अग्निशमन दलाच्या लाल गाड्या रस्त्यावर लांबच थांबल्या आणि निळा शर्ट घातलेला एक अधिकारी बांधावरून हात हलवत, ओरडत आला.

"ओढ्यात कुठे निघालात? वर जा, वर! शाळेच्या माळावर! गॅस खालीच येणार आहे, तुमची गाठ घ्यायला!"

दशरथ वळला. अधिकारी धापा टाकत जवळ आला. दीक्षाच्या हातातला मोबाइल बघून म्हणाला, "तो बंद कर. आत्ता नाही, माळावर गेल्यावर. इथे बटणसुद्धा दाबायचं नाही." मग चंद्रभागेकडं वळून, "घरात दिवा, उदबत्ती, स्टोव्ह, चूल? काही पेटतं आहे?"

त्याच्या मागं, भरावाच्या कडेला, हिंमतराव उभे होते. मफलर नाकाला धरून इकडंच बघत होते.

"न्हाय साहेब," चंद्रभागा म्हणाली. "चूल कवाच आवरली."

"नक्की?"

"व्हय."

तिला खोटं बोलल्यासारखं वाटलंही नाही. जाळ नव्हता, धूर नव्हता. सकाळची चूल आवरलेलीच होती. एक तरणा जवान पुढं झाला, छातीवर मच्छिंद्र असं नाव शिवलेलं. त्यानं तिच्या हातातल्या वाकळा घेतल्या. "चला मावशी, पाय उचला."

माळावरच्या शाळेत वाडीतली सगळी माणसं जमली होती. वर्गांच्या आत हिंमतरावांची भावकी, सतरंज्यांवर. बाकीचे व्हरांड्यात. धोंडिबाला एका खांबाला टेकवून बसवलं. त्याला खोकल्याची उबळ आली की दीक्षा त्याची पाठ चोळत होती. कुणीतरी पोहे वाटत होतं. ते व्हरांड्यापर्यंत आले तेव्हा पातेल्याचा तळ वाजत होता.

"घ्या, खरवड घ्या," वाढणारी हेमा म्हणाली. ती हिंमतरावांची सून. तिच्या बोलण्यात वाकडं काही नव्हतं, म्हणून तर ते जास्त लागलं.

माळावरून सगळं चित्रासारखं दिसत होतं. वाहतूक दोन्हीकडं लांबवर अडवलेली. गाड्या बंद. कंपनीच्या बसमधली पोरं खाली उतरून उभी, गळ्यातले पट्टे वाऱ्यावर हलणारे. जवान टँकरवर पाण्याचा फवारा धरून उभे. गळणाऱ्या तोंडावर ओलं गोणपाट गुंडाळायचं चाललं होतं. गोणपाट चंद्रभागेचंच, मेथीचं. त्यावर म्हणे लगेच बर्फ धरत होता. आणि खाली पांढरं धुकं मेथीच्या वाफ्यांत उतरून पसरलेलं, सारण्यांमधून हळूहळू पुढं सरकणारं. सकाळी जिथं तिचा हात होता, तिथं आता काही दिसत नव्हतं.

अधिकारी माळावर आला. त्यानं भोंगा तोंडाला लावला. भोंग्यातही त्याचा आवाज थकलेला वाटत होता.

"ऐका. हा स्वयंपाकाचाच गॅस आहे, पण हवेपेक्षा जड आहे. पाण्यासारखा उताराला जातो, खड्ड्यात, ओढ्यात, विहिरीत साचतो. वीज तोडली आहे. दुसरा टँकर येतोय, त्यात हा गॅस भरून घेऊ, मग घरी जायचं. तोपर्यंत खाली कुणी जाणार नाही. गुरं राहिली, दागिने राहिले, कुणी जाणार नाही. बिडीवाल्यांनी बिड्या इथे जमा करा, परत मिळणार नाहीत. आणि जाळच लागतो असं समजू नका. ठिणगी पुरते. धुमसता निखारा पुरतो."

लोक बिड्यांवरून हसले. चंद्रभागा हसली नाही. तिच्या हातातली खरवड तशीच राहिली.

तिनं दशरथकडं बघितलं. दशरथनं मान वळवली, म्हणजे त्यालाही कळलं होतं.

"अवं," ती हळू म्हणाली, "आज सकाळी..."

"गप."

"गोवरी घातलीया. मोठी."

"गप म्हनलो ना. राखंत हाय. राखंत कशाला काय लागतंय?"

"साहेब म्हनतो, लागतंय."

"अन् सांगून काय करशील?" दशरथनं वर्गाच्या दाराकडं हनुवटी केली. दारात हिंमतराव खुर्ची टाकून बसले होते. "पोरीच्या डोक्यावर हात ठिवलावता. आता चारचौघांत सांग, की रोज ठिवतीया. मग गंजीबी आपल्यावरच आली. आबाला घेऊन कुठं जाऊ मी? पुलाखाली?"

त्याच्या मानेवर बापाला वाहून आणल्याचा लाल वळ उठला होता. तो वळ बघून ती खांबाशी बसली. तिनं डोळे मिटले तर चूलच दिसायला लागली. डाव्या कोपऱ्यात राखेचा छोटा ढीग, वरून करडा, थंड, आत लाल. दाराखालची फट बोटभर. त्या फटीतून रोज पहाटे धुकं आत येई आणि धोंडिबा खोकत उठे. धुकं येई, म्हणजे तेही येईल.

ती मनात म्हणाली, विझलाही असेल. गोवरी ओलसर होती. मग म्हणाली, नव्हती ओलसर. वाळलेली बघूनच घातली होती आपण.

सूर्य वर आला. खाली फवाऱ्यानं धुकं पालकाच्या पट्ट्याशी थोपवून धरलं होतं, पण कडेकडेनं त्याची एक जीभ ओढ्याच्या बाजूला निघाली होती. तेवढ्यात तिला बांधावर दोन माणसं दिसली. पाठीवर नळकांडी, तोंडाला मुखवटे, दोघांमध्ये पाण्याचा जाड पाइप. घराच्या बाजूला जाऊन तिकडूनही पाण्याची भिंत धरायची असावी. पुढचा चालायचा तो अंग थोडं उजवीकडं टाकून. सकाळी तिच्या वाकळा घेऊन मच्छिंद्र तसाच चालला होता.

चंद्रभागा उठली. दशरथनं पदर धरला. तिनं तो सोडवला. जोरानं नाही, काट्याला अडकलेला सोडवावा तसा.

"साहेब."

"बाई, पोहे संपले असतील तर मी काही करू शकत नाही."

"साहेब, चुलीत विस्तव हाय."

अधिकाऱ्यानं भोंगा खाली केला. "कुठल्या चुलीत?"

"माझ्या. त्या वढ्याच्या घरात. राखंत पुरलाय. जाळ न्हाय, पर जित्ता हाय."

वर्गाच्या दारात खुर्ची करकरली. तिनं तिकडं बघितलं नाही.

कमरेचा वॉकीटॉकी काढून अधिकारी म्हणाला, "मच्छिंद्र, थांब. आहात तिथून मागे. हो, मागे. घरात विस्तव आहे." बांधावरची दोन माणसं थांबली. मग उलट्या पावलांनी मागं यायला लागली. ती बांधाच्या या टोकाला येईपर्यंत माळावरचे सगळे त्यांच्याकडं बघत राहिले. धोंडिबासुद्धा खोकला दाबून बसला.

मग अधिकारी तिच्याकडं वळला. "सकाळी विचारलं तेव्हा सांगायला काय झालं होतं?"

तिची नजर बांधावरच्या मच्छिंद्रकडं गेली.

"जाऊ दे. आता नीट सांगा. दार कुठल्या अंगाला? चूल दारातून दिसते? विस्तव कुठल्या कोपऱ्यात?"

"वढ्याच्या अंगाला दार. कडीच हाय, कुलूप न्हाय. शिरताना उजव्या हाताला चूल. आतल्या बाजूचा डावा कोपरा."

"ओढ्याच्या अंगाला दार, हे बरं आहे," अधिकारी स्वतःशीच म्हणाला. मग वॉकीटॉकीत, "मच्छिंद्र, पलीकडच्या काठानं लांबून वळसा घ्या. वारा पाठीवर राहील. गॅसचा मीटर हातात ठेवा. दारात मीटर वाजला तर आत पाऊल टाकायचं नाही, परत यायचं. नाही वाजला तर आत. राख उकरू नकोस. उकरलीस तर निखारा फुलेल. आधी वरून भिजव, गच्च, चिखल होईस्तोवर. कळलं?"

याच्याही घरी कधीतरी चूल असणार, असं चंद्रभागेला वाटून गेलं.

दोघं ओढ्यापलीकडच्या बाभळींत दिसेनासे झाले. पांढरी जीभ सरकत होती. घराच्या मागच्या भिंतीपासून ती आता एका वाफ्यावर होती. दीक्षा येऊन आईला लागून उभी राहिली. तिनं आईचा हात धरला आणि दोघींना एकाच वेळी वाड्यासमोरचा तो दिवस आठवला असावा, कारण दोघींनी हात एकदम सोडला आणि पुन्हा धरला.

बाभळींतून दोन टोप्या बाहेर आल्या. दारापाशी वाकल्या. एक आत गेली.

काहीच ऐकू येत नव्हतं. इतक्या लांबून येणारही नव्हतं. पण चंद्रभागेला चुलीत पाणी पडल्याचा आवाज आला. सासू गेली तेव्हा आला होता तसाच. आधी चर्रर्र, मग दमल्यासारखा.

वॉकीटॉकी खरखरला. "साहेब, विझवला. लाल होता, चांगला मुठीएवढा. मीटर आता वाजायला लागलाय."

"निघा."

ते निघाले. ते बाभळींपर्यंत पोचतात तोवर ते पांढरं धुकं घराच्या भिंतीला टेकलं आणि दोन्ही बाजूंनी वेढून पुढं गेलं. पत्र्याचं छप्पर तेवढं वर उरलं. लोक उभे राहून बघत होते. काही झालं नाही. ते धुकं घराभोवती बराच वेळ रेंगाळलं, मग फवाऱ्यानं, वाऱ्यानं विरत गेलं. काहीच झालं नाही, हे बघत इतका वेळ उभं राहायची त्या माळावरच्या कुणाला सवय नव्हती. पाय दुखायला लागल्यावर एकेक जण खाली बसला.

मच्छिंद्र माळावर आला. मुखवट्याच्या कडांचे वळ गालांवर, बुटांना राखेचा चिखल. "मावशी, चूल फुटली ओ. पाण्याच्या जोरानं. पिठाचा डबापण भिजला. बघवलं नाही, पण थांबता येईना."

"असू दे बाबा," ती म्हणाली. तिला त्याच्या डोक्यावरून हात फिरवावासा वाटला. पण हात राखेच्या वासाचा, आणि आपण कोण, असं वाटून तिनं तो पदरात घेतला.

मग हिंमतराव आले. मफलर आता खांद्यावर होता.

"म्हंजे रोज ठिवत हुतीस."

"व्हय अण्णा."

"पोरीच्या डोक्यावर हात ठिवून."

तिनं दीक्षाकडं बघितलं.

"मग गंजीबी तुझ्याच राखंनं."

दशरथ पुढं सरकला. चंद्रभागेनं त्याला हातानं थांबवलं. "तवा म्या न्हाय म्हनले हुते, अण्णा. हात घालून बघितली हुती राख. पर आता तसं म्हनवत न्हाय. म्हाईत न्हाय मला."

खोटं धरायला आलेल्या माणसाला खरं हाती लागलं की त्याचं काय करायचं ते कळत नाही, तसं हिंमतरावांचं झालं. ते तसेच वर्गात निघून गेले.

दुसरा टँकर आला, नळ्या जोडल्या गेल्या, क्रेन आली. माणसांना घरी सोडलं ते दुसऱ्या दिवशी उन्हं चढल्यावर.

पालक, मेथी काळी पडली होती. गार लागून पानं उकडल्यासारखी लोळत होती. घरात चुलीच्या जागी मातीचं ढेकूळ. डब्यातल्या पिठाचा लगदा झालेला. चंद्रभागेनं आधी धोंडिबाची जागा पुसून वाकळ टाकली, मग ओढ्याची माती आणून चूल घालायला बसली. निम्मी झाली असेल, तेव्हा दारात हिंमतरावांची सावली पडली. दशरथ उठून उभा राहिला.

"घर सोडा म्हनून सांगायलाच निघालोवतो," हिंमतराव म्हणाले. "पर निम्म्या हंगामात मानसं कुठनं आनू? आता रान उपटून परत पेरायला लागंल." त्यांनी खिशातून काडेपेटी काढून उंबऱ्यावर ठेवली. "ही वाड्यावरची. सकाळी घिऊन यायची, चूल पेटली की परत नेऊन द्यायची. सांजच्याला परत तसंच. भाकरी झाल्या की चुलीत पानी. आमची हेमा येऊन हात घालून बघंल."

"हात घालून?" दशरथ म्हणाला.

"राखंत. तुमच्या बाईलाच सवय हाय त्याची."

ते गेले. दीक्षा दात आवळून म्हणाली, "आई, आपण इथं राहायचंच कशाला?" चंद्रभागा चुलीला हात फिरवत राहिली. ओल्या मातीवर बोटांचे वळ उठत होते.

हेमानं शेजारधर्म म्हणून दिलेलं पीठ चंद्रभागेनं दिवेलागणीला मळलं. पहिली काडी मोडली, दुसरी फुरफुरून विझली. तिसरीनं धरलं. नवी चूल ओली होती, धूर फार झाला. भाकरी एका अंगानं करपल्या, एका अंगानं कच्च्या राहिल्या. धोंडिबानं दुधात कुस्करून खाल्ली आणि वाकळ डोक्यावरून घेतली.

चंद्रभागेनं लाकडं मागं ओढली. निखारे कोपऱ्यात सारले. दुसरा हात गोवरीकडं गेला आणि वाटेतच थांबला. कोपऱ्यात निखारे चांगले लाल होते. रात्रभर टिकले असते.

तिनं तांब्या उचलला आणि ओतला.

चर्रर्र आवाज झाला. वाफ तोंडावर आली. आतल्या खणात खोकला थांबला, वाकळ सरकली.

"चंद्रभागा," धोंडिबाचा आवाज आला, घाबरलेला. "चुलीत पानी कोन वततंय? कोन गेलं गं?"

तिनं वाफेतून दाराकडं बघितलं. दशरथ उंबऱ्यावर बसून पायाचा चिखल खरवडत होता. दीक्षा दिव्याच्या उजेडात पुस्तक धरून बसली होती, वाचत नव्हती.

"कुनी न्हाय, मामा," ती म्हणाली. "समदी हायत. झोपा तुम्ही."